डोंगर कुणाला विचारून खोदायचा?

१८८२ साली जमशेटजी टाटांच्या हाती रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा एक अहवाल पडला. मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्यात, लोहारा गावाजवळ, उत्तम प्रतीचं लोहखनिज आहे आणि त्याच जिल्ह्यात वरोऱ्याला कोळसा आहे, असं त्यात म्हटलं होतं. नागपुरात एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेटजींना ही जोडी हाताशी असल्यासारखी वाटली. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीला नेऊन तपासून घेतला. पोलादाच्या भट्टीला लागतो तसा कोक त्यातून होईना. खाणपट्ट्यासाठी सरकारने घातलेल्या अटीही जाचक होत्या. चांद्याचा बेत बारगळला आणि पुढे टाटांचा कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, उभा राहिला.

वरोऱ्याची खाण मात्र त्याआधीच सुरू झालेली होती. १८७० च्या दशकात सरकारने ती स्वतः चालवायला घेतली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे टाकली. गावात आगगाडी आली ती कोळशासाठी. १९०६ साली खाण बंद झाली आणि कोळशाचा शोध दक्षिणेकडे बल्लारपूरच्या दिशेने सरकला. तेव्हापासून आजपर्यंत या जिल्ह्याची जमीन अनेकांनी अनेकदा तपासली. खनिज किती खोल आहे, त्यात लोखंड किती टक्के, कोळशात राख किती, याच्या नोंदी दीडशे वर्षांच्या आहेत. त्या जमिनीवर राहणाऱ्या गोंड, माडिया, कोलाम आणि इतर गावकऱ्यांना विचारण्याची गोष्ट कायद्याच्या भाषेत यायला मात्र १९९६ साल उजाडावं लागलं. विचारलं जाण्याचा तो अधिकार कागदावरून डोंगरापर्यंत अजून पुरता पोचलेला नाही, आणि चंद्रपूर-गडचिरोलीतला खाणींविरुद्धचा झगडा मुख्यतः त्यासाठीच आहे.

कोळशाच्या पट्ट्यात

वरोरा आणि भद्रावती हे तालुके वर्धा नदीच्या कोळसापट्ट्यात येतात. इथली जमीन काळी, कापूस-सोयाबीनची. खुली कोळसाखाण येते तेव्हा आधी वरची माती उचलली जाते, मग मुरूम आणि खडक. तो सगळा भराव खाणीच्या कडेला रचतात आणि त्याच्या टेकड्या होतात. सपाट मुलखातल्या माणसाला क्षितिजावर जे डोंगर दिसतात, त्यातले बरेचसे असे माणसाने रचलेले आहेत. पावसाळ्यात ही सैल माती वाहून नाल्यांत उतरते. खोल खड्ड्याकडे भोवतालचं भूजल ओढलं जातं आणि आसपासच्या विहिरींची पातळी खाली जाते. शेतकऱ्याला मोबदला मिळतो तो सातबाऱ्यावरच्या जमिनीचा. विहिरीचं पाणी, गुरांचं चराऊ रान आणि रोजंदारीवर जगणाऱ्या भूमिहीनाची मजुरी सातबाऱ्यावर नसते, म्हणून मोबदल्याच्या हिशेबातही नसते.

भद्रावतीजवळच्या बरांजचं उदाहरण यासाठी बोलकं आहे. कर्नाटकच्या वीज महामंडळासाठी तिथे खुली खाण सुरू झाली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने देशातले २०४ कोळसापट्टे रद्द केले, त्यात बरांजचाही पट्टा गेला. खाण थांबली. खाणीच्या तोंडाशी आलेलं गाव मात्र पुनर्वसनाची वाट पाहत तिथेच अडकून राहिलं. शेती गेलेली, खाणीतलं काम गेलेलं, आणि नवं गाव वसलेलं नव्हतं. त्याच तालुक्यातल्या टाकळी-जेना-बेलोराचा साठा पुढे २०२० च्या व्यापारी लिलावात एका खासगी कंपनीकडे गेला, तेव्हा शेतकऱ्यांनी आधी गावठाणाचं आणि पुनर्वसनाचं बोला, मग जमिनीचं, असा आग्रह धरला तो शेजारच्या गावाचं काय झालं हे डोळ्यांसमोर असल्यामुळेच.

याच जिल्ह्यात एक खाण लोकांनी अडवूनही दाखवली. ताडोबाच्या जंगलाला लागून लोहारा इथे अदाणी समूहाची कोळसाखाण प्रस्तावित होती. (टाटांच्या अहवालातलं लोहारा वेगळं, हे चंद्रपूर शहराजवळचं.) वाघांचा येण्याजाण्याचा मार्ग तुटणार म्हणून चंद्रपूरकर रस्त्यावर आले. इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे यांनी २००९ साली बेमुदत उपोषण केलं. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने प्रस्ताव फेटाळला. तिथे वाघ कामी आला आणि शहरातला सुशिक्षित वर्ग पाठीशी उभा राहिला. गडचिरोलीच्या जंगलाच्या आत, एटापल्लीच्या पलीकडे, माणसांच्या बाजूने इतक्या लवकर कुणी उभं राहत नाही.

सुरजागड

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. जिल्ह्याच्या दोन तृतीयांशाहून अधिक भूभागावर जंगल आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगररांगेत लोहखनिज आहे. हातात घेतलं तर आकाराच्या मानाने भलतंच जड, रंगाने काळपट करडं, आणि दगडावर घासलं की गेरूसारखी लाल रेघ उमटवणारं हेमॅटाइट. या दगडाला बाजारात भाव आहे, कारण त्यात लोखंडाचं प्रमाण चांगलं आहे.

माडियांसाठी हा डोंगर ठाकूरदेवाचा आहे. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इथे जत्रा भरते. सुरजागड इलाक्यातल्या सत्तर गावांतून आणि सीमेपलीकडच्या छत्तीसगडमधूनही माणसं येतात. इलाका ही माडियांची जुनी व्यवस्था आहे. अनेक गावांचा मिळून एक इलाका, गावाचे पारंपरिक प्रमुख म्हणजे गायता आणि भूमिया, बसून बोलायला गोटूल, आणि निर्णय सगळ्यांनी एका मतावर आल्यावरच. खाणीच्या विरोधात पुढे आलेली संघटनाही याच चौकटीतली आहे, तिचं नाव सुरजागड पारंपरिक इलाका गोटूल समिती. बाहेरून कुणी येऊन आंदोलन उभं केलं, असा आरोप वारंवार होतो. ज्या सभांमधून ते उभं राहिलं, त्या सभा आंदोलनाच्या कित्येक पिढ्या आधीपासून भरत आल्या आहेत.

लॉयड्स मेटल्स कंपनीला २००७ साली सुरजागडवर ३४८.०९ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. तो मूळचा वीस वर्षांचा होता. २०१५ साली खनिज कायदा बदलला आणि जुन्या पट्ट्यांची मुदत पन्नास वर्षं झाली. म्हणजे २०२७ ला संपणारा पट्टा एका दुरुस्तीने २०५७ पर्यंत गेला. मधल्या काळात डोंगर अशांतच होता. जून २०१३ मध्ये माओवाद्यांनी कंपनीचे एक उपाध्यक्ष, एक कंत्राटदार आणि गावचा पोलीस पाटील अशा तिघांची हत्या केली. डिसेंबर २०१६ मध्ये खाणीवरची पाऊणशेहून अधिक वाहनं जाळली. खाण कधी सुरू, कधी बंद असं चालत राहिलं आणि २०२१ पासून कडक बंदोबस्तात पूर्ण वेगाने सुरू झाली.

त्या वर्षी २५ ऑक्टोबरला एटापल्लीत हजारो आदिवासी ठिय्या देऊन बसले. ग्रामसभांना न विचारता दिलेले पट्टे रद्द करा, ही मागणी होती. चार दिवसांनी पोलिसांनी आंदोलकांना ताब्यात घेऊन तो ठिय्या उठवला. पुढच्या वर्षी कंपनीने उत्पादन वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्याचा प्रस्ताव ठेवला. पर्यावरणाच्या नियमाप्रमाणे त्यासाठी जनसुनावणी लागते. ती २७ ऑक्टोबर २०२२ रोजी झाली गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात, खाणीपासून शंभरावर किलोमीटर दूर. ज्याच्या शेतात खाणीतला लाल गाळ येणार त्याने एक दिवसाची मजुरी बुडवायची, भाड्याची गाडी करायची, वाटेतले पोलीस नाके ओलांडायचे, आणि आपल्या मायबोलीत नसलेल्या अहवालावर मत द्यायचं, अशी ती सुनावणी होती. मार्च २०२३ मध्ये वाढीव उत्पादनाला मंजुरी मिळाली.

२०२५ मध्ये मामला आणखी पुढे गेला. खनिज समृद्ध करण्याच्या प्रकल्पासाठी भामरागड वनविभागातलं ९३७ हेक्टर जंगल वळतं करायला केंद्राच्या वन सल्लागार समितीने हिरवा कंदील दाखवला. त्यात १.२३ लाख झाडं तोडली जातील. उच्च प्रतीच्या खनिजासोबत डोंगरात लोखंड आणि गारगोटीचे आलटून पालटून थर असलेला खडक असतो. त्यात लोखंड कमी, म्हणून तो दळून, धुऊन, त्यातलं लोखंड वेगळं काढावं लागतं. त्यासाठी पाणी लागतं, आणि उरलेला चिखल साठवायला जागा लागते. खाणपट्टा ३४८ हेक्टरचा असला तरी खाणीचा पसारा तेवढ्यावर थांबत नाही, तो असा.

रेतीला विचारतात, लोखंडाला नाही

राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येणारे भाग वेगळ्या नियमांनी चालतात. एटापल्ली, भामरागड, धानोरा यांसारखे गडचिरोलीचे तालुके त्यात आहेत. चंद्रपुरात जुना राजुरा तालुका त्यात आहे, वरोरा नाही. १९९६ साली संसदेने पेसा कायदा केला आणि या भागांतल्या ग्रामसभेला गावाची संसाधनं व रूढी जपण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले.

पण पेसामध्ये एक मोठी फट आहे. गौण खनिजाच्या, म्हणजे रेती, मुरूम, गिट्टीच्या पट्ट्यासाठी ग्रामसभेची शिफारस आवश्यक आहे. लोखंड, कोळसा, बॉक्साइट ही प्रमुख खनिजं. त्यांच्या पट्ट्याबद्दल पेसा गप्प आहे. भूसंपादनाआधी सल्लामसलत करावी, एवढंच तो म्हणतो. नाल्यातली ट्रॅक्टरभर रेती काढायला गावाची शिफारस हवी, आणि गावाचा देवडोंगर पन्नास वर्षांसाठी द्यायला नको, अशी ही रचना आहे.

ती फट बऱ्याच अंशी बुजवली २००६ च्या वनहक्क कायद्याने. गावाच्या पारंपरिक हद्दीतल्या जंगलावर गावाचा सामूहिक हक्क या कायद्याने मान्य केला, आणि जंगल जपण्याचा अधिकारही दिला. माडिया गोंड, कातकरी आणि कोलाम या महाराष्ट्रातल्या तीन जमाती विशेष असुरक्षित गटात मोडतात. अशा जमातींना आपल्या संपूर्ण अधिवासावर हक्क सांगण्याची तरतूदही त्यात आहे. पाठोपाठ ३० जुलै २००९ रोजी पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढलं की वनजमीन दुसऱ्या कामाला देण्याआधी हक्कांचे दावे निकाली काढा आणि ग्रामसभेची लेखी संमती घ्या. त्यातला अर्थ पुढे सर्वोच्च न्यायालयाने नियमगिरीच्या निकालात ठळक केला. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर वेदांत समूहाला बॉक्साइट हवं होतं, आणि डोंगरिया कोंध तो आपल्या देवाचा मानत होते. १८ एप्रिल २०१३ ला न्यायालयाने सांगितलं की निर्णय ग्रामसभा करतील. बारा गावांत सभा झाल्या, न्यायाधीशाच्या देखरेखीखाली, त्या त्या गावातच. बारा गावांनी नाही म्हटलं. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने प्रस्ताव नाकारला.

सुरजागडचे लोक नियमगिरीचं नाव घेतात ते याच कारणाने. तिथे सभा गावात झाली आणि नकाराला नकार मानलं गेलं.

दिशा मात्र उलटी फिरते आहे. २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी केंद्राच्या मंजुरीआधी ग्रामसभेची संमती पाहण्याची अट काढली आणि ती जबाबदारी राज्यांवर ढकलली. केंद्राची मंजुरी हाती आल्यावर राज्य सरकार गावाच्या नकारासाठी प्रकल्प थांबवेल, ही अपेक्षा ठेवणं कठीण आहे.

तेंदूचा हिशेब

खाणीला विरोध करणाऱ्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. खाण नको, तर मग खाणार काय? गडचिरोलीकडे या प्रश्नाचं आकड्यांत मांडता येणारं उत्तर आहे.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या सुरुवातीच्या अशा गावांपैकी हे एक. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तिथे सर्वसहमतीने कारभार चालत होता आणि 'मावा नाटे मावा राज', आमच्या गावात आमचं राज्य, ही घोषणा तिथूनच महाराष्ट्रभर गेली. हक्क मिळूनही वनखातं बांबू विकू देईना. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हवाली झालं. त्यानंतर जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक गावांना सामूहिक हक्क मिळाले. देशात हा कायदा एवढ्या प्रमाणात दुसरीकडे क्वचितच उतरला असेल.

ग्रामसभांच्या या चळवळीची मुळं वरोऱ्यापर्यंत पोचतात. वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमटे १९७३ साली भामरागडजवळ हेमलकशाला गेले आणि लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. गोदावरीवरचं इंचमपल्ली आणि इंद्रावतीवरचं भोपालपट्टणम ही दोन धरणं शेकडो चौरस किलोमीटर जंगल आणि माडियांची गावं बुडवणार होती. १९८४ साली बाबांनी 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं केलं आणि हजारो आदिवासी गडचिरोलीत मोर्चाने आले. धरणं झाली नाहीत. त्या आंदोलनात तयार झालेली पिढी पुढे ग्रामसभांच्या कामात दिसते.

मे महिन्यात या गावांत गेलं तर ग्रामसभेचं अर्थकारण डोळ्यांनी पाहता येतं. पहाटे अंधारात घरातली सगळी माणसं तेंदू तोडायला निघतात. ऊन चढायच्या आत पानांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन परततात. मग पडवीत बसून पानं सारखी करायची, सत्तर पानांचा एक पुडा, आणि तो झाडाच्या सालीच्या वाखाने बांधायचा. आजी, सून, सुट्टीतली पोरं, सगळ्यांचे हात एकाच लयीत चालतात. संध्याकाळी पुडे फळीवर जातात. फळी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान. तिथे पुडे ओळीत मांडून वाळवतात आणि फळीमुन्शी मोजून वहीत नोंद करतो. हजार पुड्यांची एक गोणी. पूर्वी लिलाव वनखातं करायचं आणि मजुराला ठरलेली मजुरी मिळायची. आता लिलाव करते ग्रामसभा. मजुरी कुटुंबाला आणि रॉयल्टी ग्रामसभेच्या खात्यात. त्यातून विहिरीची दुरुस्ती, दवाखान्याला उसनवारी, कोर्टकचेरीचा खर्चही होतो. याशिवाय बांबू, मोहफुलं, चारोळी, हिरडा आहेच. हे उत्पन्न दरवर्षी येतं, कारण जंगल दरवर्षी देतं.

खाणीचा पैसा याहून कितीतरी मोठा असतो, यात शंका नाही. पण त्यातलं स्वामित्वधन राज्याला जातं आणि नफा भागधारकांना. खाणबाधितांसाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. त्याच्या खर्चाचा आराखडा जिल्हा पातळीवर ठरतो, अनुसूचित क्षेत्रात त्याला ग्रामसभेची मंजुरी लागते.

तोडगट्टा

छत्तीसगडच्या सीमेवर दमकोंडवाहीच्या टेकड्यांत नव्या खाणी प्रस्तावित झाल्या तेव्हा सुरजागड इलाक्यातल्या सत्तर ग्रामसभांनी तोडगट्टा गावात ठाण मांडलं. तारीख होती ११ मार्च २०२३. झाडांच्या फांद्या आणि गवत यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. उन्हाळा गेला, पेरणी आली, पावसाळा आला, तरी लोक आलटून पालटून बसत राहिले. गावागावांतून तांदूळ यायचा आणि चूल सामाईक असायची. लोकांची मागणी काळजीपूर्वक ऐकण्यासारखी होती. शाळा हवी, दवाखाना हवा, गावाला जोडणारा रस्ता हवा. खनिजाचे ट्रक जावेत म्हणून रुंद केलेला रस्ता आणि त्यापाठोपाठ येणारी खाण नको.

२० नोव्हेंबर २०२३ रोजी जवळच्या वांगेतुरीत नवं पोलीस मदत केंद्र एका दिवसात उभं राहिलं. त्याच दिवशी तोडगट्ट्याच्या झोपड्या मोडल्या गेल्या आणि काही आंदोलकांना ताब्यात घेतलं गेलं. आंदोलनामागे माओवादी आहेत, असं पोलिसांचं म्हणणं होतं. या आरोपाने माडियांना फार वर्षं कोंडीत धरलं आहे. माओवाद्यांनाही खाण नको होती, म्हणून खाण नको म्हणणारा प्रत्येक जण माओवादी, असं समीकरण सोपं आहे. वस्तुस्थिती त्याला छेद देते. खाणविरोधी ग्रामसभांनी २०१७ च्या निवडणुकीत स्वतःचे उमेदवार उभे केले, आणि सैनू गोटा व वकील लालसू नोगोटी जिल्हा परिषदेवर निवडून गेले. ज्यांच्यावर लोकशाही न मानल्याचा संशय घेतला गेला, त्यांनी मतपेटीतून, निवेदनांतून आणि ग्रामसभेच्या ठरावांतून आपलं म्हणणं मांडलं होतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शरणागती पत्करली. बंदुकीचं सावट आता विरत चाललं आहे. त्यामुळे गावांचं म्हणणं बंदुकीशी न जोडता ऐकण्याची सोय पहिल्यांदाच झाली आहे.

गावांमध्ये या प्रश्नावर एकच मत आहे असं समजणं मात्र अन्यायाचं होईल. खाणीवर आणि चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीच्या पोलाद प्रकल्पावर स्थानिक तरुण कामाला आहेत. महिन्याच्या महिन्याला पगार, गणवेश, बँकेचं खातं, मोटारसायकल, याचं आकर्षण खोटं नाही. दवाखान्यासाठी रुग्णाला खाटेवरून नेण्याची वेळ ज्यांच्यावर आली त्यांना रस्त्याचं मोल कुणी शिकवायला नको. सरकार गडचिरोलीला पोलादाचं केंद्र करण्याची भाषा करतं, तेव्हा ती ऐकणाऱ्यांत आदिवासी तरुणही असतात. नेमक्या याचसाठी निर्णय गावातल्या सभेत व्हायला हवा. पगार हवा असणारा मुलगा आणि डोंगर जपू पाहणारा त्याचा गायता आजा, दोघंही त्या सभेचे सदस्य आहेत. त्यांच्यातला वाद मंत्रालयाने परस्पर मिटवून टाकण्याचं कारण नाही.

ग्रामसभांच्या मागण्या पाहिल्या तर त्यात अवघड असं काही आढळत नाही. जनसुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी न होता बाधित गावात व्हावी. पर्यावरण अहवाल मराठीत आधीच मिळावा आणि सभेत माडियात समजावून सांगितला जावा. अधिवास हक्काचे आणि सामूहिक हक्काचे दावे निकाली निघेपर्यंत नवा पट्टा किंवा वनजमिनीची मंजुरी देऊ नये. ठराव विरोधात गेला तर तो विरोध म्हणूनच नोंदवला जावा. यातल्या बहुतेक गोष्टी वनहक्क कायद्यात, २००९ च्या परिपत्रकात आणि नियमगिरीच्या निकालात आजही लिहिलेल्या आहेत. सुरजागडचा पट्टा २०५७ पर्यंतचा आहे. दमकोंडवाहीच्या टेकड्या मात्र अजून खोदल्या गेलेल्या नाहीत, तिथे या क्रमाने सुरुवात करायला आजही वेळ आहे.